पेट्रोल ट्रकला पाच सिलिंडरचं डिझेल इंजिन : कामाच्या नोंदी

१२ नोव्हेंबर २०२३

ठरलं. जुन्या पिकअप ट्रकचं २.४ लिटरचं पेट्रोल इंजिन आता परत बांधायचं नाही. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये ब्लॉकला तडा आहे, पाणी तेलात उतरतंय. बाकी गाडी मात्र ठणठणीत आहे. आज चेसीचे कर्ण टेपने मोजले. दोन्हींत ३ मिमीचा फरक निघाला, इतक्या जुन्या फ्रेमला तो काहीच नाही. पाट्यांचे हँगर, स्टिअरिंग बॉक्सची जागा, क्रॉसमेंबरचे रिव्हेट सगळं टोचून पाहिलं, गंज वरवरचा आहे.

त्याच्या जागी मर्सिडीज-बेंझचं ओएम६१७ टाकतोय, टर्बोवालं. हे इंजिन १९७४ मध्ये आलं, पाच सिलिंडर, सुमारे तीन लिटर. शेवटच्या वर्षांतल्या टर्बो आवृत्तीला ४३५० फेऱ्यांवर १२५ अश्वशक्ती आणि २४०० फेऱ्यांवर २५० न्यूटन-मीटर टॉर्क. १९७६ मध्ये इटलीतल्या नार्डोच्या ट्रॅकवर सी१११ या प्रायोगिक गाडीने डिझेलचे विक्रम केले, तेव्हा तिच्यात याच कुळातलं इंजिन टर्बो आणि इंटरकूलर लावून १९० अश्वशक्तीपर्यंत नेलं होतं. मला तेवढी ताकद नको. मला हे इंजिन आवडतं ते त्यात एकही कॉम्प्युटर नाही म्हणून. इन-लाइन पंप (प्रत्येक सिलिंडरला दाबाने डिझेल देणारा), प्री-चेंबर (डिझेल आधी पेटतं ती छोटी खोली), टायमिंगला चेन. चालायला लागलं की विजेची गरज नाही.

आणि या कामात सगळ्यात आधी समजून घ्यायची गोष्ट तीच आहे. पेट्रोल इंजिनची ठिणगी तोडली की ते थांबतं. डिझेलचं इंधन तोडावं लागतं, नाहीतर हवा. ते बंद कसं होणार हे चालू करण्याच्या आधी ठरलेलं असलं पाहिजे. वहीच्या पहिल्या पानावर हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

इंजिन बदलाची परवानगी आणि नोंदणीतला बदल यांचा अर्ज आधी, कटर नंतर. तो अर्ज दिला.

१९ नोव्हेंबर

इंजिन पाहायला गेलो. गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवलेलं होतं. मालकाने सेल्फ आणि बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारं कवच) काढून टाकलं नव्हतं, म्हणून बॅटरी लावून फिरवता आलं. हीटर प्लगच्या (सुरू करताना सिलिंडर तापवतात ते) भोकांतून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, घेतलं : २५, २४.५, २५, २३, २४ बार. सगळे २० च्या वर आणि एकमेकांत ३ बारच्या आत, मला एवढंच पाहिजे होतं. टर्बोच्या शाफ्टला बोटाने हलवून पाहिलं. आडवा खेळ अगदी थोडा, लांबीच्या दिशेने जाणवत नाही, पंखे कुठे घासलेले नाहीत.

घेतलं.

२६ नोव्हेंबर

पेट्रोल इंजिन बाहेर काढलं. धाकटा भाऊ चेन पुलीवर, मी खाली. काढण्याआधी अर्धा दिवस फक्त मापं घेतली आणि त्याचं मला आज समाधान आहे, कारण इंजिन एकदा उचललं की ही मापं परत मिळत नाहीत. क्रँकच्या मध्यापासून फ्रेमच्या वरच्या काठापर्यंतची उंची, पंख्यापासून रेडिएटरपर्यंतचं अंतर, गिअरबॉक्सच्या शेपटाचा कोन, पिनियनचा (मागच्या ॲक्सलच्या तोंडाशी असलेल्या गिअरचा) कोन, चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची. पुढे डावीकडे ४७२ मिमी, उजवीकडे ४७०.

१० डिसेंबर

आजचा पूर्ण दिवस एका आकड्यात गेला.

ट्रकचाच पाच गिअरचा गिअरबॉक्स ठेवायचा असल्याने इंजिन आणि बेलहाउसिंग यांच्यामध्ये २० मिमी जाड ॲल्युमिनियमची ॲडाप्टर प्लेट करून घेतली आहे. प्लेट सुबक आली. बोल्ट एकही अडला नाही. इथेच माणूस फसतो : बोल्ट बसले म्हणजे मध्य जुळला असं नाही. बोल्टाची भोकं ढिली असतात, जागा धरून ठेवतात ते डॉवेल, म्हणजे घट्ट बसणाऱ्या पिना.

क्रँकच्या मागच्या टोकावर चुंबकाचा स्टँड लावला, डायल गेजचं (बारीक फरक काट्यावर दाखवणारं मापक) टोक बेलहाउसिंगच्या मागच्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकवलं आणि क्रँक हाताने हळूहळू फिरवला. काटा एका बाजूला शून्य, समोरच्या बाजूला ०.५६ मिमी. म्हणजे मध्य त्याच्या निम्म्याने, ०.२८ मिमीने सरकलेला. डोळ्याला हे दिसत नाही. पण गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट पुढे क्रँकमधल्या पायलट बेअरिंगमध्ये आणि मागे स्वतःच्या बेअरिंगमध्ये धरलेला असतो. ही दोन बेअरिंग एका रेषेत नसली, तर प्रत्येक फेरीला शाफ्ट वाकतो. पायलट बेअरिंग ओरडतं, क्लच पूर्ण सुटत नाही, शेवटी गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग जातं, आणि माणूस गिअरबॉक्सला दोष देत राहतो.

मला एकूण वाचन ०.२० च्या आत हवं होतं. बेलहाउसिंगचे दोन्ही डॉवेल काढले, बोल्ट हलके सैल केले आणि लाकडी हातोडीने टिचक्या मारत हाउसिंग सरकवत गेलो. मारायचं, फिरवायचं, वाचायचं. ०.५६, ०.४१, ०.२२, मग पलीकडे गेलं, ०.३०, परत ०.१४. जेवण विसरलो. चार वाजता ०.०८ वर आलं. बोल्ट पूर्ण आवळले, परत वाचलं, ०.०९. त्याच स्थितीत हाउसिंग आणि प्लेट एकत्र धरून डॉवेलची भोकं रीमरने मोठी केली आणि जाड डॉवेल ठोकले. सगळं सोडून परत जोडलं, पुन्हा ०.०९. म्हणजे आता ही जागा पक्की आहे, गिअरबॉक्स कितीदाही उतरवला तरी तिथेच येईल. शेवटी गेजचं टोक हाउसिंगच्या सपाट तोंडावर लावून तेही तपासलं, ०.०५.

या कामात कुणी एकच अवजार घ्यायचं म्हटलं तर मी डायल गेज घे म्हणेन.

१७ डिसेंबर

फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या मागचं जड चाक. हे इंजिन ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीतलं, त्यामुळे त्याला पातळ फ्लेक्स प्लेट होती. मॅन्युअलवालं फ्लायव्हील दुसऱ्या इंजिनवरून मिळवलं. या इंजिनांचं फ्लायव्हील क्रँकसोबत तोललेलं असतं, दुसऱ्याचं तसंच लावलं तर कंप राहतो. म्हणून मूळ फ्लेक्स प्लेट आणि नवं फ्लायव्हील दोन्ही बॅलन्सिंगला दिली, जड बाजू जुळवून आणली. क्रँकमध्ये पायलट बेअरिंग बसवलं, ऑटोमॅटिकमध्ये ते नसतं. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे. ते आवळताना ताणले जातात, जुने परत वापरायचे नाहीत.

७ जानेवारी २०२४

इंजिन आत उतरलं. पाच सिलिंडर सरळ रांगेत असल्याने लांबी नडली, त्यामुळे रेडिएटर ४० मिमी पुढे घ्यावा लागेल. सम्पचा (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याचा) खोल भाग क्रॉसमेंबरवर टेकत होता. क्रॉसमेंबर कापायचा मोह झाला, पण पुढच्या सस्पेन्शनचा सगळा भार तोच घेतो, त्याला हात लावायचा नाही. सम्पच्या खालच्या पत्र्याच्या तव्याचा कोपरा कापून तिरका वेल्ड केला आणि तेवढं तेल मावावं म्हणून मागच्या बाजूला खोली वाढवली. पाणी भरून रात्रभर ठेवलं, गळत नाही. तेल फिल्टरसकट साडेसात लिटर बसतं.

फाउंडेशनचे (इंजिन फ्रेमवर धरणारे) ब्रॅकेट फक्त टॅक मारून ठेवलेत. रबरावर इंजिनचं वजन आलं की ते पहिल्या दोन दिवसांत बसतं. आज पक्कं वेल्ड केलं तर परवा कोन बदललेला असेल.

९ जानेवारी

रबर ४ मिमी बसलं. इंजिन मागे ३ अंश झुकलेलं, पिनियन ३ अंश वर, म्हणजे दोन्ही समांतर. प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस एकमेकांचा झोल मारतात तो या समांतरपणामुळेच. वेल्ड पूर्ण केलं.

पुढची उंची आता ४३८ आणि ४३५. डिझेलचं लोखंड बोलतंय. पुढच्या पाट्यांत एकेक पान वाढवायचं.

२८ जानेवारी

रेडिएटर, होज, विजेचा पंखा, सायलेन्सरचा ६३ मिमी पाइप आणि टर्बोजवळ एक लवचीक जोड. ब्रेकचा पाइप टर्बोच्या गरम बाजूपासून जेमतेम हातभर होता, तो फ्रेमच्या बाहेरून फिरवला आणि मध्ये पत्र्याचा आडोसा लावला. आडोशाच्या आणि पाइपच्या मध्ये हवा खेळायला जागा ठेवली.

४ फेब्रुवारी

टाकी उतरवली. आत पेट्रोलचा जुना राळेसारखा थर आणि गंजाचे पापुद्रे. पेट्रोलच्या गाडीला चालून गेलं असतं, डिझेलच्या पंपाला चालणार नाही. पंपाचा प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट मायक्रॉनमध्ये असते आणि त्यांना वंगण डिझेलचंच. धुऊन, वाळवून, आत कोट केला. उचल नळीच्या टोकाची बारीक जाळी काढली, थंडीत डिझेलमधलं मेण तिथे साचतं. परतीची नळी मुळात नव्हतीच, तिच्यासाठी टाकीच्या माथ्यावर नवा निप्पल बसवला. पंपाला जातं त्यातलं बरंचसं डिझेल परत टाकीत येतं, येताना गरमी आणि हवेचे बुडबुडे सोबत आणतं, म्हणून परतीचं तोंड उचल नळीपासून लांब ठेवलं. पाणी वेगळं करणारा फिल्टर फ्रेमवर, हाताशी येईल असा.

१८ फेब्रुवारी

इंजिन बाहेर असताना करायला हवं होतं ते आज वाकून केलं : टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि पंपाचं टायमिंग (डिझेल नेमकं कधी सुटतं ते).

टॅपेट थंड इंजिनवर, इनलेट ०.१० आणि एक्झॉस्ट ०.३५ मिमी. दोन एक्झॉस्ट घट्ट होते. घट्ट व्हॉल्व्हमुळे कॉम्प्रेशन जातं आणि इंजिन सकाळी रडत उठतं.

पंपाचं टायमिंग थेंबांवर लावलं. पहिल्या सिलिंडरच्या पाइपचा नट सोडला, त्याखालचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून स्वच्छ डिझेलमध्ये बुडवून ठेवले, होल्डर परत लावला आणि त्यावर वाकडी बारीक नळी. ॲक्सिलेटरचा दांडा पूर्ण रेसवर बांधला. भाऊ हँड प्रायमर मारत राहिला, मी २७ च्या सॉकेटने क्रँक फिरत्या दिशेनेच फिरवत होतो. आधी नळीतून धार वाहते. प्लंजर वर येऊन आतलं भोक झाकू लागला की धार बारीक होते, मग तुटते, मग थेंब. सेकंदाला एक थेंब पडेल तिथे थांबायचं आणि पुलीवरचा अंश वाचायचा. तो २४ अंश यायला हवा, पिस्टन माथ्यावर पोहोचायच्या आधी. आमचा आला १९. चेन थोडी ताणली गेलीय, कॅमची खूण २ अंश मागे दिसते, त्यामुळे पंपही मागे पडला. पंपाचे नट सैल करून तो किंचित वळवला. क्रँक एकदा पुढे गेला की मागे आणायचा नाही, दोन पूर्ण फेऱ्या मारून पुन्हा यायचं, नाहीतर चेनच्या झोलाने आकडा खोटा येतो. सहाव्या खेपेला २४.

थेंब पडायचा थांबतो तो क्षण पाहणं फार सुंदर आहे. एवढ्या मोठ्या लोखंडाचा सगळा वेळ त्या एका थेंबावर ठरतो.

३ मार्च

पहिला स्टार्ट.

पाचही हीटर प्लग ओहममीटरने पाहिले. चांगल्या प्लगचा रोध एक ओहमच्या आत असतो. एक उघडा निघाला, बदलला. रिलेला ८० अँपिअरची पट्टी फ्यूज. हवेच्या फिल्टरचं घर काढून ठेवलं आणि भावाच्या हातात प्लायवूडची फळी दिली : इंजिन बेलगाम सुटलं तर टर्बोच्या तोंडावर दाबायची. हात कधीही लावायचा नाही, ओढून घेतो.

नोझलकडचे नट सैल करून सेल्फ मारला. आधी फेस, मग थेंब. एकेक आवळत गेलो. तिसऱ्या खेपेला दोन सिलिंडर पेटले, मग चार, पांढरा धूर, आणि मग पाचही एका लयीत. पाच सिलिंडरचा तो जरा लंगडा, खर्जातला आवाज गॅरेजभर झाला. तेलाचा दाब ३ बार. भाऊ नाचला.

चावी बंद केली. इंजिन चालूच.

मी पंपावरचा लाल स्टॉपचा दांडा दाबला आणि ते निमूट थांबलं. तो दांडा कुठे आहे हे मी आधी भावालाही दाखवून ठेवलं होतं. तरी छातीतली धडधड बराच वेळ गेली नाही.

१० मार्च

बंद का झालं नाही. या इंजिनात चावी बंद केली की पंपावरच्या डब्यात व्हॅक्यूम जातो, तो रॅक (पंपातली डिझेलचं माप ठरवणारी पट्टी) ओढतो आणि डिझेल तुटतं. पेट्रोल इंजिनला थ्रॉटलच्या पाकळीमुळे मॅनिफोल्डमध्ये आपोआप व्हॅक्यूम मिळतो. डिझेलला ती पाकळीच नाही, म्हणून इंजिनवर वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. ब्रेक बूस्टरही (ब्रेकला जोर देणारा डबा) त्यावरच. म्हणजे व्हॅक्यूम गळतो तेव्हा बंद होणं आणि ब्रेक दोन्ही दुबळे पडतात. माझ्या ब्रेक बूस्टरलाही तीच गळती नडणार होती, ते रस्त्यावर कळलं असतं.

गेज लावून एकेक फांदी चिमट्याने दाबत गेलो. मूळ गाडीत दरवाज्यांची कुलपंही याच व्हॅक्यूमवर चालत. त्या फांदीच्या निप्पलवर बसवलेली रबरी टोपी तळाशी फाटली होती, नखाएवढी. नवी टोपी, वर क्लिप. गेजचा काटा आता चढतो आणि इंजिन बंद केल्यावरही जागचा हलत नाही.

सोलेनॉइड व्हॉल्व्ह असा जोडला की वीज गेली तर तो उघडतो, म्हणजे तार तुटली तर इंजिन थांबेल. आणि व्हॅक्यूम गेला तर? त्यासाठी स्टॉपच्या दांड्याला केबल बांधून ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ लाल मूठ आणली. तीन वेळा चालू केलं, तीन वेळा नुसत्या मुठीने बंद केलं.

२४ मार्च

दोन आठवडे एकच दुखणं. संध्याकाळी छान चालतं, सकाळी दहा सेकंद चालून मरतं, मग प्रायमर मारला की ठीक. हवा धरतंय हे उघड आहे, पण खाली कुठेही ओल नाही. दोन्ही फिल्टर, प्रायमर, सगळ्या क्लिपा बदलून झाल्या.

मग उमगलं की ओल दिसणारच नाही. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीची आहे, तिथे फट असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक नळी जोडली. इंजिन चालू असताना तिच्यात मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक जाताना दिसले. ती नळी टाकीच्या दिशेने एकेक जोड मागे सरकवत गेलो. पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरच्या नंतर बुडबुडे, आधी नाहीत. फिल्टरच्या निचऱ्याच्या बोल्टाचा ओरिंग चपटा झाला होता. नवा घातला, नळीत काच दिसावी तसं स्वच्छ डिझेल.

नळीचा तो पारदर्शक तुकडा तपासणीपुरताच होता, आज काढून टाकला.

१४ एप्रिल

क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या ॲक्सलमधला गिअरचा जोड. जुना ४१ भागिले ९, म्हणजे ४.५६. पेट्रोल इंजिन ५५०० पर्यंत फिरायचं, त्याला ठीक होता. चौथ्या, म्हणजे थेट गिअरमध्ये ताशी १०० किमीला साधारण ३४५० फेऱ्या येतात. या इंजिनचा जोर २४०० च्या आसपास आहे. ४१ भागिले ११ चा, ३.७३ चा जोड बसवला, फेऱ्या २८२५ वर आल्या, पाचव्यात अजून खाली. दातांवर रंग लावून ठसा पाहिला, मधोमध आहे.

याचा एक परिणाम चटकन लक्षात येत नाही : स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते, त्यामुळे आता तो कमी दाखवतो, खऱ्या १०० ला ८२. केबलच्या टोकाचं २२ दातांचं चाक काढून १८ चं घातलं. आरपीएम मीटरही पेट्रोलच्या कॉइलवरून चालायचा, त्याला आता अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवरून जोडलं.

२८ एप्रिल

पहिला लांब फेरा. क्लच मऊ सुटतो, गिअर कुठे अडत नाही, १० डिसेंबरचे कष्ट पायाखाली जाणवतात. पण चढावर दम नाही. टर्बोची शिटी ऐकू येते, गेजवर ०.७ बार बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) दिसतो, तरी ओढ नाही.

बूस्ट आहे आणि ताकद नाही, याचा अर्थ डिझेल वाढत नाही. पंपाच्या डोक्यावर एक डबी असते, एएलडीए. मॅनिफोल्डमधला दाब तिला कळला की ती डिझेल वाढवते. मॅनिफोल्डवरचा तिचा पोकळ बोल्ट काढला. भोक काजळीने पूर्ण बंद, पेन्सिलच्या शिशासारखी कांडी बाहेर आली. साफ केलं, नळी फुंकून पाहिली, लावलं.

त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, आता चौथ्यातून तिसऱ्यात यावं लागलं नाही.

२६ मे

१००० किमी झाले. तेल बदललं. टॅपेट परत तपासले, तीन नंबरचा एक्झॉस्ट ०.३० वर आला होता, ०.३५ केला. बाकी जागच्या जागी. पाट्यांत वाढवलेल्या पानांनी पुढची उंची ४७० आणि ४६८. या १००० किमीला ९२ लिटर डिझेल लागलं.

राहिलेलं : साधारण ११०० फेऱ्यांवर गिअरचा दांडा थरथरतो, मागचं फाउंडेशन रबर कडक आहे असं वाटतं, मऊ लावून पाहायचं. सम्पच्या वेल्डखाली पुठ्ठा ठेवून महिनाभर नजर. ताणलेल्या चेनसाठी नवी चेन आणून ठेवलीय, ती पावसाच्या आधी घालायची आणि थेंब पुन्हा मोजायचे.